टायगरच्या घशात हाड नव्हतं

सुनंदावहिनी, प्रज्ञा, भंतेजी, आणि विहारात जमलेल्या मंडळींनो,

मला माइकसमोर बोलायची सवय नाही. जनावरांचा डॉक्टर आहे मी. भाषण करायची वेळ कधी आली नाही. आत्ता माझ्या आधी चार जण बोलले. चांगलं बोलले. गुणवंतभाऊ असे होते, गुणवंतभाऊ तसे होते. मी खाली बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आपलं नाव पुकारलं नाही तर बरं होईल.

काल मी सुनंदावहिनींना भेटायला गेलो होतो. म्हटलं, वहिनी, उद्या मी येतो, मागं बसतो, पण बोलत नाही. तर त्या म्हणाल्या, "काहून नाही बोलत? बोला ना. पन खरं बोला. लोकं कायबाय बोलून राहिले. कोनी म्हंते दारू पेत होता, कोनी म्हंते करनी केली. काय झालं थे तुमाले मालूम हाय. सांगा सगळ्यायले."

म्हणून उभा आहे. आज मी जे सांगणार आहे ते सगळं वहिनींना आणि त्यांच्या लेकीला, प्रज्ञाला आधीच सांगितलं आहे. त्यांनी हो म्हटलं, म्हणूनच सांगतो.

मंडळी, जठारपेठेत माझा दवाखाना आहे. कुत्री, मांजरं, कधी ससा, कधी पोपट. गुणवंत तायडे तिथं अठरा वर्षं होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना 'अरे गुणवंत' म्हणायचो. अख्खं अकोला त्यांना गुणवंतभाऊ म्हणत होतं, मी कधी म्हटलं नाही. आज म्हणतोय. उशीर झाला.

दर्यापूरकडच्या एका खेड्यातून ते इथं आले. आधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये होते, ते बंद पडलं. माझ्याकडे आले ते झाडझूड करायला. पहिल्याच आठवड्यात एक अल्सेशियन टेबलावरून उडी मारून सुटलं. मालकाला आवरेना, मला आवरेना. गुणवंतभाऊंनी झाडू बाजूला ठेवला, फरशीवर मांडी घातली आणि कुत्र्याकडे पाठ करून बसले. काही बोलले नाहीत, चुचकारलं नाही. कुत्रं चार फेऱ्या मारून आलं आणि त्यांच्या पाठीला टेकून बसलं. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्या कोणाकडे गेला.

माझं अर्धं निदान त्यांच्या हातानं व्हायचं. एकदा एक आजी बोका घेऊन आल्या. म्हणाल्या, याचं पोट साफ होत नाही, दोन दिवस झाले मातीत बसतो, कण्हतो, काहीच होत नाही. मी जुलाबाचं औषध लिहायला पेन उचललं. गुणवंतभाऊंनी बोक्याच्या पोटाखाली हात घातला. म्हणाले, "साहेब, लिहू नका. याची संडास नाही अडकली, लघवी अडकली. लिंबाएवढा गोटा लागून राहिला हाताले." बरोबर होतं. मूत्राशय तुंबलं होतं. अजून काही तास गेले असते तर बोका मेला असता. नळी घातली, वाचला. आजींनी माझे आभार मानले. मी ते घेतले.

आणखी एक सांगतो. एक गृहस्थ मांजर घेऊन आले होते. आज ते इथं असतील, नाव घेत नाही. मांजराला धाप लागलेली, हिरड्या तपकिरी पडलेल्या. मी तीनदा विचारलं, काही औषध दिलं का? तिन्ही वेळा नाही म्हणाले. गुणवंतभाऊ त्यांना बाहेर घेऊन गेले. पायरीवर त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. म्हणाले, "दादा, तापाची गोळी सगळ्यायच्याच घरी असते. देली असन त सांगा. डॉक्टर रागावत नाही." तो माणूस रडायला लागला. आपण घेतो ती तापाची साधी गोळी, अर्धीच दिली होती. मांजराला ती विष असते. मी जेवढं करता येतं तेवढं केलं. दुपारपर्यंत मांजर गेलं. गुणवंतभाऊ त्या माणसाजवळ बसून राहिले. मी आतून हाक मारली तरी आले नाहीत. त्यांना म्हणत होते, "मायेनंच देली ना तुमी? जहर समजून त नाही देली?"

दवाखान्यात ते कोणाला खोटं बोलू देत नसत. आणि खरं बोलल्यावर त्या माणसाला एकटं सोडत नसत. म्हणून आज एवढी माणसं आली आहेत. निम्म्या लोकांना मी चेहऱ्यानं ओळखतो, नावं माहीत नाहीत. त्यांना सगळ्यांची माहीत होती, आणि जनावरांचीही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

यंदाच्या उन्हाळ्यात दर्यापूरहून गावंडे सर त्यांचा कुत्रा घेऊन आले. निवृत्त शिक्षक आहेत. तेही आज इथं आले आहेत. सर, उठू नका. बसा. मंडळी, सरांकडे कोणी वळून पाहू नका. त्यांची काही चूक नाही.

कुत्र्याचं नाव टायगर. गावठी, उंच, तांबडा, गरीब स्वभावाचा. तोंड उघडं, लाळेची तार जमिनीपर्यंत. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. सर म्हणाले, "रविवारी मटण होतं घरी. घशात हाड अडकलं असन."

आता ऐका. आमच्या शिक्षणात एक गोष्ट सुरुवातीला शिकवतात आणि शेवटपर्यंत शिकवतात. कुत्र्याचं तोंड मिटत नसेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आणि मालक म्हणत असेल हाड अडकलं, तर हाड शोधू नका. आधी कुत्रं पिसाळलं असेल असंच धरून चाला. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी अंगावर धावून येत नाही. काही कुत्री मुकी होतात. खालचा जबडा लुळा पडतो. बिचारं कोपऱ्यात गप्प बसतं. लोकांना दया येते, आणि लोक त्याच्या तोंडात हात घालतात.

हे मला माहीत होतं. पाठ होतं. मी नव्या मुलांना शिकवलेलंही आहे.

पण त्या दिवशी बाकांवर अकरा जनावरं होती. तीन पिल्लं रक्ताची हगवण लागलेली, सलाईनवर. बाहेर ऊन असं की लोक दारातून हटायला तयार नाहीत. मी सरांना विचारलं, लस झाली आहे ना? सर म्हणाले, झाली. कधी झाली, हे मी विचारलं नाही. पिल्लू असताना एकदा झाली होती, पुन्हा नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याशी भांडला होता का, हेही विचारलं नाही. भांडला होता. हे प्रश्न एरवी गुणवंतभाऊ विचारत. पण त्यांना तोवर मी दुसरं काम सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "गुणवंत, तोंडात पाह्य रे जरा, हाड लागते का."

हे मी बोललो. दुसरं कोणी नाही.

माझ्या हातात मोजे होते. त्यांच्या नव्हते. कधीच नसत. म्हणायचे, "रबराचा हात जनावराले परका लागते." मी ते लोकांना कौतुकानं सांगायचो. बघा, आमचा गुणवंत कसा आहे! कौतुक कसलं करत होतो मी? त्यांच्यावर ओरडून मोजे घालायला लावायचे होते.

त्यांनी हात घातला. पार घशापर्यंत. टायगर चावला नाही. चावायची ताकदच त्याच्या जबड्यात नव्हती. हात बाहेर काढून म्हणाले, "साहेब, हाड-गिड काही नाही. पन याचा जबडा मेल्यावानी लागून राहिला. मले हे बरं नाही वाटून राहिलं."

मंडळी, त्यांनी निदान केलं होतं. नाव सांगता आलं नाही, पण निदान केलं होतं. आणि मी, ज्याच्या भिंतीवर पदवी लावलेली आहे, मी म्हणालो, जबड्याचा लकवा असेल, होतो असा, आपोआप बरा होतो. इंजेक्शन दिलं, सलाईन दिलं, घरी पाठवलं. गुणवंतभाऊंना म्हणालो, हात धुऊन घे. त्यांनी हात नळाखाली धरले. धरले तेवढेच. साबण लावायच्या आत मी पुढचं पिल्लू धरायला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी गावंडे सरांचा फोन आला. टायगर मेला. शेतात पुरला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हा! मी सरांना सांगितलं, घरातल्या सगळ्यांनी आजच्या आज लस घ्या. गुणवंतभाऊंना म्हणालो, "तूही जा. दात-बीत लागला नाही ना कुठी?" ते म्हणाले, "नाही साहेब. लाळ लागली निस्ती."

मी बरं म्हणालो. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला नाही. कुत्र्याचा पंजा मी दिव्याखाली धरून बोटाबोटात पाहतो. त्यांच्या हातावर मांजरांचे इतके ओरखडे असत की एक कमी, एक जास्त, त्यांनाही कळत नव्हतं. मी पाहिलं असतं तर मला कळलं असतं. मी पाहिलं नाही.

सरकारी दवाखान्यात त्यांनी तेच सांगितलं. जखम नाही, लाळ लागली. तिथं त्याप्रमाणे लस सुरू झाली. जखम आहे म्हटलं असतं तर लसीसोबत जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन देतात, लगेच बचाव करणारं. ते मिळालं नाही. त्यात तिथल्या लोकांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं त्याप्रमाणे ते वागले.

पहिली सुई झाली. दुसरी झाली. तिसरीच्या वेळी आम्हाला धारणीला जायचं होतं. मेळघाटातल्या तीन-चार गावांत कुत्र्यांना लस द्यायचा कार्यक्रम मी आधीच ठरवला होता. कशाची लस? याचीच. पिसाळू नये म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी गुणवंतभाऊ म्हणाले, "साहेब, उद्या माही सुई हाय."

मी म्हणालो, "आल्यावर घे ना. दोन-चार दिवसांनी काय होते?"

ते जीपमध्ये बसले. तिथल्या रस्त्यांवर दिवसभर हाडं खिळखिळी होत होती. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं, टॉवेल टाकून कुत्री धरायची, मी सुई टोचायची. शंभरावर कुत्र्यांना त्यांनी धरलं असेल. परत आलो तर दवाखान्यात गर्दी. मी म्हणालो, आज थांब, उद्या जा. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी काही म्हणायचं राहूनच गेलं. त्यांचंही राहिलं.

आणि या दिवसांत ते काय करत होते, हे मला गावंडे सरांनी नंतर सांगितलं. ते सरांना फोन करत होते. "सर, आज दुसरी हाय. नातवायले घेऊन जा." तिसरीचा फोन त्यांनी धारणीकडून केला होता. आवाज तुटत होता. सर म्हणतात, ते ओरडत होते, "आयकू येते का, सर? आज तिसरी हाय! चुकवू नका!"

सरांच्या घरात सहा माणसं आहेत. सहाही जणांनी सगळ्या सुया घेतल्या. सहाही जण बरे आहेत.

दोन महिने गेले. पाऊस लागून होता, सोयाबीन गुडघ्याला आलं होतं. एक दिवस सकाळी टेबलावर एक लॅब्रेडोर होतं आणि गुणवंतभाऊंनी त्याला डाव्या हातानं धरलं. मी म्हटलं, आज डावा काहून? म्हणाले, "उजव्या बोटाले मुंग्या येऊन राहिल्या, साहेब. कालपासून. आता कोपरापर्यंत चढल्या."

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, कोणतं बोट? त्यांनी दाखवलं. अंगठ्याशेजारचं. पेराच्या आतल्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ होती. म्हटलं, हे कधीचं?

त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. म्हणाले, "टायगरचं असन. हात काढताना दात घासला होता वाटते. म्या मांजरीचं समजलो."

मी आत गेलो, पेला भरून पाणी आणलं, म्हणालो, पी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का देतोय हे त्यांना कळलं. आपल्या दवाखान्यात किती कुत्री त्यांनी पाण्याच्या भांड्यासमोर तडफडताना पाहिली होती. त्यांनी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी पाणी गिळेना.

मंडळी, हा आजार एकदा अंगात दिसायला लागला की पुढं उपाय नाही. अकोल्यात नाही, अमरावतीत नाही, कुठंच नाही. लक्षणं दिसायच्या आधी लस घेतली तर माणूस वाचतो. नंतर नाही. भरती केलं त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुम्हाला काही सांगायची गरज नाही. खरंच नव्हती.

मी खोलीत गेलो. ते म्हणाले, "साहेब, पंखा बंद करा. वारा गळ्याले लागते." मी बंद केला. मग विचारलं, "टायगरचंच ना?"

मी म्हणालो, "नाही रे, साथीचा ताप असन."

तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "आपल्या दवाखान्यात म्या कोनाले खोटं बोलू देलं नाही. तुमी मले काहून बोलून राहिले?"

मी म्हणालो, "हो. टायगरचंच."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "सुनंदाले तुमीच सांगजा. माह्यानं नाही होत."

मी सांगितलं. वहिनींनी भिंतीला हात लावला आणि खाली बसल्या.

त्याच दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. आमच्याकडे जी कुत्री बरी होणार नसतात, जी नुसती हाल काढत असतात, त्यांना मालकाच्या संमतीनं आम्ही कायमचं झोपवतो. ती शेवटची सुई देताना कुत्र्याचं डोकं नेहमी गुणवंतभाऊंच्या मांडीवर असायचं. अठरा वर्षांत त्यांनी हे काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. त्या दुपारी त्यांनी विचारलं, "साहेब, त्यायले आपन सुई देतो. माणसाले नाही देत ना?"

म्हणालो, "नाही."

"मंग जनावराचं बरं हाय."

मी बाहेर निघून गेलो. जायला नको होतं. पण गेलो.

प्रज्ञा अमरावतीहून आली. ती तिथं नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला ते जवळ येऊ देईनात. "दूर राह्य, लाळ लागन. तोंडाले फडकं बांध." जीभ आवरत नव्हती, अंगाला झटके येत होते, तरी मधेच भानावर यायचे आणि हेच म्हणायचे. शेवटी ती मास्क लावून, हातमोजे घालून आत गेली आणि तिनं बापाचा हात धरला. ते तिच्या त्या रबरी हाताकडे बघत राहिले.

भरती केल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी गेले. झोपेत गेले, शांतपणे गेले, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. याच्यापुढचं मी सांगत नाही.

आज सकाळी इथं गुणवंतभाऊंसाठी जलदानाचा विधी झाला. भांड्यात पाणी पडत होतं आणि मी मान खाली घालून बसलो होतो. तो आवाज मला ऐकवत नव्हता. या माणसानं शेवटी पाणी पाणी केलं, आणि पाणी समोर आणलं की त्याचा गळा आवळून यायचा.

तर दारू नाही. करणी नाही. कोणाचा शाप नाही. एका कुत्र्याचा आजार होता, तो मी ओळखला नाही. एका माणसाच्या बोटाला दात लागला होता, तो मी पाहिला नाही. त्याला सुई घ्यायची होती, त्याला मी जीपमध्ये बसवलं. बाहेर कोणी विचारलं तर एवढंच सांगा.

आणि तुम्ही काय करायचं तेही सांगतो. कुत्रं चावलं, मांजरानं ओरबाडलं, नुसतं खरचटलं, तरी साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जा. बारीक असली तरी जखम आहे म्हणून सांगा. सगळ्या सुया घ्या, मधे कोणी काही काम सांगितलं तर त्याला नाही म्हणा. साहेब असला तरी नाही म्हणा. हे सांगून गुणवंतभाऊ परत येत नाहीत. मलाही यातून काही बरं वाटत नाही. तरी सांगितलं.

दवाखाना मी उघडतो. जनावरं येतात. मी पोटाखाली हात घालतो आणि मला पोटच लागतं, दुसरं काही कळत नाही. मालक म्हणतात, काही दिलं नाही डॉक्टर. मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. खरं बोलतात की खोटं, मला ओळखता येत नाही. परवा एक पिल्लू गेलं. कदाचित जाणारच होतं. कदाचित गुणवंतभाऊ असते तर राहिलं असतं. हे आता मला कधीच कळणार नाही, कोणत्याच जनावराच्या बाबतीत.

एक शेवटचं राहिलं. याच्यासाठीच मला आज बोलायचं नव्हतं.

ते भरती होते तेव्हा प्रज्ञा मला तिथल्या व्हरांड्यात भेटली. रडत नव्हती. शिकलेली मुलगी आहे, तिला सगळं समजलं होतं. म्हणाली, "काका, एक विचारू? जे लोकं कुत्र्यामांजरायत काम करतात, त्यायले आधीपासूनच लस देतात ना? चावायच्या आधी?"

मी म्हणालो, "हो."

"तुमी घेतली हाय?"

"हो. कॉलेजात असल्यापासून घेतो."

"आन बाबाले?"

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "काहून?"

मंडळी, त्या पोरीला काय सांगू? विसरलो म्हणू? अठरा वर्षं? माझी तारीख आली की मला बरोबर आठवायची. देऊ, पुढच्या महिन्यात देऊ, असं मी दोन-तीनदा बोललोही होतो. ते म्हणायचे, "द्या ना साहेब, केवा बी द्या." कधीच दिली नाही. फार मोठं काम नव्हतं ते. एक दिवस त्यांना सोबत घेऊन जायचं होतं.

ती मग आत गेली, बापाकडे. तिच्या त्या 'काहून'चं उत्तर मी आजही आणलेलं नाही. प्रज्ञा, बेटा, मी शोधलं. नाही सापडलं. जे आहे ते एवढंच आहे की माझ्या लक्षात माझा जीव होता.

मी माफी मागणार नाही. माफ करायचं ओझं या दोघींवर कशाला टाकू?

आता आपण उभं राहू या. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. अशा वेळी दोन मिनिटं म्हणतात. आज कोणी घड्याळ बघू नका. सुनंदावहिनी खाली बसतील तेव्हा आपण बसायचं. तोवर उभं राहायचं.

गुणवंतभाऊ, जय भीम.